नाचणकरभाऊंची हरकत

विश्राम नाचणकर हे रत्नागिरीच्या कोर्टातले दुभाषे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होते, त्यामुळे त्यांचा राग मी सहा वर्षं जवळून पाहिला. राग हा शब्द मी जपूनच वापरते. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. हातातली पेन्सिल ते टेबलावर आडवी ठेवत, चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "हरकत आहे." कोर्टात हरकत घ्यायची ती वकिलाने, दुभाष्याने नव्हे, हे त्यांना अनेकांनी सांगून झालं होतं. "मग मी ती मराठीत घेतो," असं ते म्हणत, आणि घेत.

मराठी धरून त्यांना सहा भाषा येत. उर्दू, गुजराती, कानडी, कोकणी आणि इंग्रजी. तरुणपणी मुंबईच्या गोदीत माल मोजायच्या नोकरीत होते, तिथे शिकलेले. "भांडल्याशिवाय भाषा येत नाही, बाय," असं मला सांगायचे. "गुजराती मी एका शेटजीशी भांडून शिकलो आणि कानडी एका मुकादमाशी. इंग्रजीत माझ्याशी भांडायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून ती कच्ची राहिली." कच्ची म्हणजे किती, तर वकील लोक अर्ज लिहून झाला की गुपचूप त्यांच्याकडून तपासून नेत.

साक्षीदार परभाषेतला असला की भाऊ त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहत. जज्जसाहेबांच्या बाजूला दुभाष्यासाठी खुर्ची होती, तिच्यावर ते कधी बसले नाहीत. आरोपी असो, भिकारी असो, सगळ्यांना अहोजाहो. आणि एक सवय, जिच्यामुळे लोक त्यांना टाळायचे. आपण काही बोललो की ते विचारत, "काय म्हणालात ते आधी सांगा. काय म्हणायचं होतं ते मागाहून."

त्यांची एक हरकत मला पुरी आठवते, कारण ते कागद मीच टाईप करत होते. दोन भावांची बांधावरून मारामारी झाली होती. धाकट्याची बायको साक्षीत म्हणाली होती, "थोरले भावजी कोयता घेऊन आले, बोलले, आणि येतंय म्हणून गेले." मुंबईहून आलेल्या एका तरुण वकिलाने त्याचं इंग्रजी करून आणलं. त्यात लिहिलं होतं, की आरोपीने पुन्हा येण्याची धमकी दिली. मी ते टाईप करत असताना भाऊ मागे येऊन उभे राहिले. पेन्सिल आडवी झाली.

"हे कुणी लिहिलं?"

वकील म्हणाला, "मी. येतंय म्हणजे येतो. बरोबर आहे ना?"

"तुम्ही तुमच्या घरातून निघताना आईला काय सांगता?"

"येतो म्हणून सांगतो."

"मग तुमची आई पोलिसात जाते काय?"

वकील हसला. भाऊ हसले नाहीत. तो कागद त्यांनी यंत्रातून काढला, थेट साहेबांसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा माणूस निघाला होता. ह्या कागदात तो परत येतोय. एका शब्दावर त्याची दोन वर्षं जातील." वाक्य बदललं गेलं. तो वकील पुढे वर्षभर भाऊंशी बोलत नव्हता. भाऊंच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

भाऊ निवृत्त झाल्यानंतरची ही गोष्ट, म्हणजे ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. गावात व्हिडिओ नुकता रुजला होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या जोगळेकर सरांनी हौसेने एक चित्रपट मंडळ काढलं होतं आणि मीही त्याची सभासद झाले होते. एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा संध्याकाळी साडेसहाला सिनेमा, मग चहा आणि चर्चा. त्या वर्षी सरांनी परग्रहावरच्या पाहुण्यांवरच्या सिनेमांचा आठवडा ठरवला. माणूस आणि परग्रहवासी यांची पहिली भेट, जुन्या सिनेमांतली आणि नव्या सिनेमांतली. जुने तीन सिनेमे रिळांवर मुंबईहून मागवले, नवे दोन व्हिडिओ कॅसेटवर. सगळे इंग्रजी. सभासदांपैकी निम्म्यांना ते कळणार नव्हते, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून मराठीत सांगायला कुणीतरी हवं होतं. मी भाऊंचं नाव सुचवलं. त्याबद्दल जोगळेकर सर माझ्यावर बरेच दिवस नाराज होते.

पहिल्या जुन्या सिनेमात वाळवंटातल्या एका गावाबाहेर उडती तबकडी उतरते. दार उघडतं, आतून उंच बारीक कुणीतरी बाहेर येतं आणि हात वर करतं. गावचा फौजदार त्याच क्षणी गोळी घालतो. भाऊंनी तिथवर नीट भाषांतर केलं. मग म्हणाले, "थांबवा." प्रोजेक्टर चालवणाऱ्याने खरंच थांबवलं.

"ह्याने हात वर केला. ह्याचा अर्थ काय?"

जोगळेकर सर म्हणाले, "भाऊ, पुढे कळेल."

"पुढे कसं कळेल? तो मेला."

लोक हसले. सिनेमा पुढे चालू झाला, पण भाऊंचं भाषांतर त्यानंतर आखडत गेलं. दुसऱ्या सिनेमातला परग्रहवासी तबकडीतून उतरतो आणि अस्खलित इंग्रजीत पृथ्वीला शांततेचा उपदेश करतो. भाऊंनी त्या उपदेशाचं भाषांतर करायचं नाकारलं. "एवढ्या लांबून येऊन ह्याला इंग्रजी येतं," ते लोकांना म्हणाले. "आमच्या नाटे गावाहून माणूस रत्नागिरीत आला, तर त्याचं बोलणं कोर्टात कुणाला कळत नाही. ह्याच्या भाषेचं ह्यांनी काय केलं ते आधी सांगावं."

तिसरा जुना सिनेमा मात्र त्यांनी श्वास रोखून पाहिला. त्यात तार ऑफिसातली एक मुलगी असते. परग्रहवासी तबकडीच्या पत्र्यावर काहीतरी ठोकत असतात, ते तिला ऐकू येतं. ती पेन घेऊन ते ठोके लिहून काढते, उलट ठोकून बघते, चुकते, पुन्हा लिहिते. दोन मिनिटांचा प्रसंग. मग सेनापती येऊन तिला बाहेर काढतो आणि रणगाडे सुरू होतात. भाऊंनी ते रीळ तीनदा उलटं फिरवायला लावलं. शेवटी नावांची यादी आली, तेव्हा पडद्याजवळ जाऊन त्यांनी ती वाचली. "हिला नाव नाही," ते म्हणाले. "तार ऑफिसातली मुलगी, एवढंच लिहिलंय. सेनापतीला नाव आहे. सेनापतीच्या कुत्र्यालासुद्धा आहे."

नवे सिनेमे लोकांना फार आवडले. रंगीत होते, संगीत सुंदर होतं, गोळीबार नव्हता. एकात तळ्यावर मोठं उजळलेलं जहाज उतरतं, लोक डोंगरावरून धावत येतात, बाजा वाजवतात, आतून सूर परत येतात, सगळे रडतात. दुसऱ्यात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बागेत कोंबडीएवढा प्राणी पडतो, त्याचा गळा काजव्यासारखा उजळत असतो. ते त्याला खाऊ घालतात, घोंगडीत गुंडाळतात. हॉलमधल्या बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते.

नंतर चर्चा झाली. जोगळेकर सरांनी छान मांडणी केली. जुन्या सिनेमांत भीती होती, नव्यांत प्रेम आहे, म्हणजे माणूस सुधारतो आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मग भाऊंना बोलायला सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"जुन्या पिक्चरात त्याचं बोलणं कळलं नाही म्हणून त्याला मारलं. नव्या पिक्चरात कळलं नाही म्हणून त्याला मिठी मारली. मधे सुधारणा कुठली झाली? मला तर जुने लोक थोडे बरे वाटतात. ते घाबरले तरी होते. ज्याला आपण घाबरतो त्याला काहीतरी सांगायचं असेल, एवढं आपण धरून चालतो. हे नवे लोक त्याला घोंगडीत गुंडाळून स्वतःच रडतात. पाचही पिक्चरांत एकानेसुद्धा त्याला नाव विचारलं नाही. माझी हरकत आहे."

"भाऊ, हा करमणुकीचा सिनेमा आहे," सर म्हणाले.

"माणसाची करमणूक कशात होते त्यावरूनच तो कळतो," भाऊ म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस असा जरा हट्टी होतो. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला पुष्कळ गोष्टी कळतात असं मला वाटत असे.

यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, थंडीत, दक्षिणेकडच्या एका लहान बंदरावरच्या मच्छीमारांना समुद्रात एक माणूस सापडला. प्लास्टिकच्या पिंपाला स्वतःला बांधून घेतलेला, ओठ फुटलेले, अंगावर मिठाचे चट्टे, पन्नाशीचा असावा. त्यांनी त्याला बंदरावरच्या चौकीत आणून दिलं. तिथला फौजदार देशावरचा तरुण मुलगा, नव्याने बदलून आलेला. त्याने स्वतःचं ब्लँकेट त्या माणसाला दिलं, डॉक्टर बोलावला, हेही मला सांगायला हवं. पण त्या वर्षांत किनाऱ्यावर चोरट्या मालाची भीती होती आणि वरून रोज सूचना येत. त्या माणसाची भाषा कुणालाही कळेना. तो समुद्राकडे बोट दाखवून सारखं काहीतरी बोले. थोडी ताकद आल्यावर तो दोनदा चौकीतून उठून पाण्याच्या दिशेने पळाला. तेव्हा फौजदाराने दाराला कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी भाऊंना बोलावणं आलं. मला रजा होती आणि त्या गावी माझी मावशी राहायची, म्हणून मी त्यांच्याबरोबर एस.टी.ने गेले. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भाऊ त्या माणसासमोर जमिनीवर बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "विश्राम." मग हात त्याच्याकडे केला. तो माणूसही छातीवर हात ठेवून म्हणाला, "अली."

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी मागे वळून फौजदाराला सांगितलं, "अली. नाव लिहून घ्या. तीन दिवसांत कुणी विचारलं नव्हतं."

फौजदाराने लिहिलं, आणि नाव लिहिताना त्याचा चेहरा बदलला. भाऊंनी उर्दू, कानडी, गुजराती, कोकणी सगळं बोलून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. त्यांनी त्याला कागद-पेन्सिल दिली. अलीने दोन ओळी लिहिल्या, उजवीकडून डावीकडे.

"उर्दू," फौजदार म्हणाला. "म्हणजे तिकडचा. मला वाटलंच होतं."

"हे उर्दू नव्हे. मला उर्दू वाचता येतं."

"मग अरबी."

"अरबीही नव्हे. यात अरबी आकड्यांसारखी अक्षरं आहेत. ही लिपी मी पाहिलेली नाही." भाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "साहेब, कागदावर हेर लिहू नका. भाषा माहीत नाही, एवढंच लिहा."

त्या वेळी अलीने भाऊंचा हात धरला. दोन बोटं वर केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दे. दे मीहुं." पुन्हा समुद्राकडे हात केला. "दे मीहुं." शिपाई म्हणाला, "हा सारखा असं मागतो. दोन भाकऱ्या दिल्या, दोन कप चहा दिला, दोन विड्या दिल्या. घेत नाही, पुन्हा दे म्हणतो." भाऊंनी तांब्या उचलून अलीच्या हातात दिला. अलीने पाण्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर भाऊ पाच दिवस घरी नव्हते. रत्नागिरीहून केरळची एक परिचारिका त्यांनी चौकीत नेली, तिचं मल्याळम अलीला दोन-चार शब्दांपलीकडे कळेना. मग तो कागद घेऊन ते बंदरं पालथी घालत राहिले. जुने खलाशी, मशिदीतले मौलवी, तांडेल, ज्याने कधी रत्नागिरीबाहेरचं पाणी पाहिलं असेल अशा प्रत्येकाला दाखवत.

इकडे बातमी पसरली होती. "परग्रहवासी उतरला," असं गावात गमतीने म्हणू लागले होते. रविवारी जोगळेकर सर मंडळातल्या सात-आठ जणांना घेऊन चौकीत गेले. मीही गेले. ते मी लपवणार नाही. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच मदत करायची होती. भाषेच्या आधी संगीत पोचतं, असं त्यांना वाटत होतं, आणि मंडळातल्या एका मुलाला माऊथ ऑर्गन छान वाजवता येत असे. फौजदाराने कुलूप काढलं. मुलाने एक साधी सुरावट वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. अली आमच्याकडे एकेक करून पाहत होता. त्याने दोन बोटं वर केली. मुलाने सुरावट पुन्हा दोनदा वाजवली. अली रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा, आवाज काढून. आमच्यातल्या एका बाईंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "संपर्क झाला." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते. नंतर ते वाक्य आठवून मला घाम फुटला आहे, कित्येकदा.

डॉक्टरांनी दरम्यान दोन पर्याय सुचवले होते. हेर असेल तर मुंबईला पाठवा, नाही तर वेड्यांच्या इस्पितळात. बुधवारी जीप येणार होती.

मंगळवारी दुपारी भाऊ चौकीत परतले. मी रविवारपासून मावशीकडेच थांबले होते. बरोबर नाट्याचे दाऊदचाचा होते. सत्तरी उलटलेले, जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी कागद बघताच सांगितलं होतं, "भाऊ, मला वाचता येत नाय, पण ही लिपी मिनिकॉयवाल्यांची. लक्षद्वीपात ते बेट हाय. माझ्या जहाजावर चार पोरं होती तिथली. त्यांची बोली जरा जरा येते मला."

म्हणजे हा आपल्याच देशाचा माणूस. फौजदार उठून उभा राहिला. दाऊदचाचा अलीजवळ बसले, सलाम केला आणि अडखळत काही विचारलं. अली एकदम उठून बसला. त्याच्या तोंडून शब्दांचा लोंढा सुटला. चाचा हाताने थांब थांब म्हणत होते. अलीने दोन बोटं वर केली. "दे मीहुं."

चाचांनी भाऊंकडे मान वळवली. "भाऊ, हा मागत नाय."

"मग?"

"दे म्हणजे दोन. दोन माणसं. दोघं होते हे. भाऊ होडीत हाय ह्याचा. पाय मोडलेला. पाणी संपत आलं म्हणून हा पिंप बांधून किनाऱ्याकडे निघाला."

भाऊ भिंतीला टेकून उभे होते, ते हळूहळू खाली बसले.

फौजदाराने मात्र त्यानंतर क्षणही घालवला नाही. वायरलेस केली, मच्छीमारांना गाठलं, उत्तरेकडच्या सगळ्या बंदरांना कळवलं. मंगळूरला सुकी मासळी विकून परत निघालेली त्यांची होडी इंजिन बंद पडून प्रवाहाबरोबर वर वर येत होती. ती शुक्रवारी वेळणेश्वराच्या पुढे खडकांत सापडली. आत अलीचा धाकटा भाऊ मूसा होता. जाऊन चार दिवस झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. मी हिशेब केला. प्रत्येकाने केला असणार. रविवारी, आम्ही सुरावट वाजवत होतो तेव्हा, तो जिवंत होता.

मूसाला जवळच्याच गावातल्या कब्रस्तानात पुरलं. खांदा द्यायला गावातले सगळे पुरुष आले होते. भाऊ फाटकाबाहेर उभे राहिले. कुणी आत या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.

आठवड्याने मुंबईहून बेटावरचा एक जहाजी अलीला न्यायला आला. निघताना अलीने भाऊंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. शिव्या होत्या की आभार, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. भाऊंनी दाऊदचाचांकडे पाहिलं.

"अर्धंच समजलं," चाचा म्हणाले. "सांगू?"

"अर्धं नको," भाऊ म्हणाले.

तो जहाजी हिंदी बोलत होता. त्याला विचारता आलं असतं. पण तोवर अली एस.टी.त चढला होता आणि भाऊंनी त्याला पुन्हा खाली उतरवलं नाही.

महिन्याभराने भाऊंचा सत्कार ठरला. वर्तमानपत्रात त्यांचं नाव आलं होतं, एका निरपराध माणसाला त्यांनी वाचवलं म्हणून. हॉल भरला होता. जोगळेकर सरांनी शाल आणि नारळ दिला, आणि भाषणात म्हणाले, की त्या आठवड्यात भाऊंनी आम्हाला सिनेमातून जे शिकवलं ते त्यांनी प्रत्यक्षात करून दाखवलं. टाळ्या झाल्या. भाऊ उठले.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. लोक कौतुकाने हसले. ते हसू थांबेपर्यंत भाऊ थांबले.

"त्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं, की जुने लोक गोळी घालतात आणि नवे लोक बाजा वाजवतात. फौजदारसाहेबांनी कुलूप लावलं, तुम्ही बाजा वाजवलात. ते तुमचं तुम्ही बघा. मला सहा भाषा येतात. मी त्याला नाव विचारलं आणि मला वाटलं, मी तुमच्यापेक्षा शहाणा. तो दोन म्हणाला. बोटं दाखवून म्हणाला. माझ्या कानाने ते मराठीत ऐकलं आणि मी त्याला पाणी दिलं. ज्याला काही येत नाही तो निदान विचारत राहतो. मला येत होतं, म्हणून मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मूसा जिवंत होता. सातव्या दिवशीही होता. मी वाचवलं म्हणता तो माणूस मच्छीमारांनी वाचवला. जो मला वाचवता आला असता तो वेळणेश्वराच्या खडकांत मिळाला. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तुम्ही शाल आणलीत."

शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून चालू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" भाऊ दारात थांबले. पायात चपला सरकवून ते बाहेर पडले.

नंतरच्या दीड वर्षात त्यांनी एकच काम केलं. गुहागरपासून नाट्यापर्यंत गावोगाव फिरून त्यांनी एक यादी तयार केली. कुठल्या गावात कोण म्हातारा खलाशी, कोण सून बाहेरून आलेली, कोण गवंडी, कोण फेरीवाला, आणि कुणाला कुठली बोली येते. सुट्टीच्या दिवशी मी ती टाईप करून देत असे. "प्रत्येक बंदरावर एक प्रत असली पाहिजे," ते म्हणत. प्रती त्यांनी स्वतः नेऊन दिल्या. एका चौकीत ती यादी खिडकीच्या फुटक्या काचेला चिकटवलेली मी स्वतः पाहिली, वारा अडवायला. भाऊंना ते कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "कार्बन शिल्लक आहे ना, बाय?"

मग माझी बदली झाली. ज्या दिवशी सामान घेऊन निघाले, त्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर भाऊ दिसले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेली माणसं स्टँडच्या भिंतीजवळ उतरलेली होती, कुठून दूरवरून आलेली. त्यांतल्या एका बाईसमोर भाऊ उकिडवे बसले होते, गुडघ्यावर वही. त्यांनी जमिनीवर खडे मांडले होते. बाई एकेका खड्यावर बोट ठेवून काही बोलत होती आणि भाऊ ते म्हणून दाखवत होते.

माझ्याजवळ उभा असलेला एक प्रवासी पुढे झाला आणि त्यांना म्हणाला, "आजोबा, तिला पैसे हवेत. द्या आणि मोकळे व्हा."

भाऊंनी वर पाहिलं नाही. "तुम्ही जरा गप्प बसा," ते म्हणाले. "त्या काय म्हणतात ते ऐकू द्या."

बाईने पुढच्या खड्यावर बोट ठेवलं. भाऊंनी शब्द म्हणून दाखवला. तो चुकला असावा, कारण बाईने मान हलवली आणि पुन्हा सांगितला. भाऊंनी आधीचा खोडला. माझी गाडी लागली होती, कंडक्टर दार ओढत होता. गाडी वळली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. बाई चौथ्यांदा तोच शब्द सांगत होती आणि भाऊ तिच्या तोंडाकडे बघत होते.